पान दुसरं : आसपास

किल्ली कुंडीखाली होती, ती तुम्हाला सापडलीच,
नाहीतर हे वाचत बसला नसता.
गरम पाण्याचं, चुलीचं, उंदराचं पहिल्या पानावर.
आता आसपासचं.

दुकान खाली गावात, पावणेदोन मैल.
बुधवारी दुपारनंतर बंद, कारण ग्लेनिसची आई
तिच्याच हातून जेवते, दुसऱ्या कोणाच्या नाही.
ब्रेड तिथला घ्या. अंडी आमच्या फाटकाशी,
निळ्या पेटीत; पैसे डब्यात टाका.
कोणी मोजत नाही.
(मी मोजते. बोलत नाही.)

गुरुवारी पबमध्ये चारजण वेल्शमध्ये गातात.
तिसरा, योरवर्थ, बेसूर आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे.
हसू नका. तो गुरांचा डॉक्टर,
या दरीतली प्रत्येक मेंढी कधी ना कधी
त्याच्या हाताखालून गेली आहे;
माणसाला सगळंच कसं जमेल.

नदीत पोहता येतं, जून संपता संपता,
झुकलेल्या झाडाखालच्या डोहात.
पाणी असं की पहिल्या बुडीला शिवी निघते,
दुसरीला हसू,
तिसरीनंतर पोरं बाहेर यायचं नाव घेत नाहीत.
सोबत मोठं माणूस हवंच.

सायकली कोठारात आहेत. लाल सायकलीचा ब्रेक लागतो.
हिरवीचाही लागतो, असं आपण म्हणू.
घोड्यावर बसायचं तर मारेदला फोन करा.
तिचं म्हातारं तट्टू प्रत्येक फाटकाशी थांबतं,
त्याला वाटतं पलीकडे कोणीतरी गाजर घेऊन उभं आहे.
एके काळी असायचं.

फाटक जसं सापडेल तसं सोडा:
उघडं तर उघडं, बंद तर बंद.
इथला सगळा धर्म एवढ्यात आला.

आणि नकाशा.
भिंतीवर आहे तो इद्वालने काढलेला,
पाय प्लास्टरमध्ये होता त्या हिवाळ्यात,
पेंडीच्या पोत्याचा कागद फाडून, शाईने.
त्यात बसथांबा आहे. बस आता येत नाही.
चॅपल आहे. तिथे ब्रिस्टलचं एक जोडपं राहतं,
भली माणसं, चहा विचारतात.
आणि टेकडीमागचा ओढा त्याने
कुंपणाच्या डाव्या अंगाला दाखवलाय.
ओढा उजवीकडे आहे.
जन्मभर त्या रानात मेंढरं हाकली,
धुक्यात, अंधारात कधी पाऊल चुकलं नाही,
आणि कागदावर चुकला.

त्यामुळे तुम्हीही चुकाल. सगळेच चुकतात.
चारच्या सुमारास एका ढासळत्या दगडी भिंतीशी पोचाल,
पुढे वाट नाही, नुसते कमरेएवढे नेचे.
भिंतीवर चढलं की फोनला एक काडी रेंज मिळते.
फोन करा. मी लँडरोव्हर घेऊन येते.

दोन वर्षांमागे लीड्सच्या एक बाई आल्या होत्या, भूगोल शिकवणाऱ्या.
जाताना त्यांनी पेन्सिलीने ओढा
जागच्या जागी आणून ठेवला, खाली बाण, तारीख.
मी ग्लेनिसकडून खोडरबर आणला.

मेंढरं मी मारेदच्या मुलाला विकली,
त्यामुळे वर जायचं तसं काही काम उरलं नाही,
आणि नुसतं बघायला कोण जातं
डिझेल जाळून?

तुम्ही बसलेले असता त्याच भिंतीवर,
बूट भिजलेले, जरा वैतागलेले,
बायको नवऱ्याशी बोलत नसते.
समोरच्या उतारावर ऊन सरकत असतं,
खाली आमचं छप्पर, काडेपेटीएवढं.
मी गाडी लगेच वळवत नाही.
थर्मास आणलेला असतो.
कप चार आहेत.
पाचजण असाल तर आधी सांगा.